कातळावरची पाटी

त्या मुलखात चालणं हेच लिहिणं होतं. जो मातीवरून चालला त्याने काहीतरी लिहिलं, आणि ज्याला ते वाचता आलं तो जगला. म्हणून प्रत्येक वस्तीची एक शाळा असे, आणि शाळेत विषय एकच असे: पावलं वाचणं.

खालच्या खोऱ्यात शाळा चालवणं सोपं होतं. तिथे नदी होती, गाळ होता, धुळीच्या वाटा होत्या. पिल्लू डोळे उघडायचं तेच पावलांच्या गर्दीत. वरच्या कातळावर मात्र मातीच नव्हती. कोसभर पसरलेला काळा दगड आणि त्याच्या भेगांतून वर आलेलं खुरटं गवत. तिथून बिबट्या गेला काय आणि मुंगी गेली काय, मागे काही राहत नसे. कातळावर जन्मलेली पोरं एकही पाऊल न बघता वाढत. आणि उन्हाळ्यात कातळावरची डबकी आटली की सगळ्या वस्तीला पाण्यासाठी खोऱ्यात उतरावंच लागे. तिथे तर जागोजाग लिहिलेलं असे.

कातळावरची शाळा साळूबाई चालवत. त्या साळिंदर होत्या. एके काळी काळेभोर असलेले त्यांचे काटे आता पांढुरके झाले होते. त्या चालू लागल्या की काट्यांची सळसळ व्हायची आणि ती ऐकून पोरं आपोआप सरळ बसायची. त्यांच्या शाळेत एक पाटी होती. दगडातल्या एका उथळ खळग्यात तरुणपणी त्यांनी खोऱ्यातली माती थोडी थोडी तोंडात आणून भरली होती. तीन उन्हाळे लागले होते त्याला. त्या मातीवर त्यांनी आपल्याच काट्याने बारा पावलं कोरली होती. पुढे माती वाळून दगडासारखी झाली आणि ती बारा पावलं कायमची झाली.

रोज तांबडं फुटलं की पोरं पाटीभोवती बसत आणि एका सुरात म्हणत, "चार बोटं, नख नाही, तळवा रुंद, मागे फिर. चार बोटं, नख आहे, तळवा अरुंद, पुढे चल." ससे, साळिंदरं, पिसोऱ्या, सगळ्यांची पोरं. आवाज कातळावर आपटून दूरवर जायचा. बिळात झोपलेल्या म्हाताऱ्यांना त्यावरून कळायचं की दिवस उगवला. लहानपणी तोच धडा म्हटलेल्या आया गवत खाता खाता पुटपुटत राहायच्या. साळूबाईंना या सुराइतकं गोड जगात दुसरं काही वाटत नसे.

त्या सुरात सगळ्यात खडा आवाज होता वेळूचा. वस्तीचा म्हातारा ससा कानबा, त्याचा हा नातू. वेळूला बाराही पावलं शेवटापासून पहिल्यापर्यंत उलटी म्हणून दाखवता येत. एका उन्हाळ्यात वस्ती खोऱ्यात उतरली तेव्हा पुढे चालण्याचा मान त्याला मिळाला. पाणवठ्याच्या चिखलात पाऊल होतं. वेळूने ते पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "चार बोटं, नख आहे, पुढे चल." आणि तो पुढे गेला.

नख होतं हे खरं होतं. निसरड्या चिखलात बिबट्याही नखं बाहेर काढून चालतो. साळूबाईंची पाटी कोरड्या मातीची होती. ओला चिखल वेगळं लिहितो, हे त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. शिकवायला त्यांच्याकडे चिखल नव्हता.

कानबा त्यांना काही बोलला नाही. पुढेही रोज शाळेवरून जाताना तो थांबे, मान लववी आणि पुढे जाई. त्यापेक्षा दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं, असं साळूबाईंना वाटत राही. पोरं रोजच्यासारखी धडा म्हणत. "नख आहे, पुढे चल" ही ओळ आली की साळूबाई दुसरीकडे बघत.

यानंतरच्या दुसऱ्या थंडीत एका सकाळी पाटीशेजारच्या भेगेतून ओल्या मातीची एक बारीक नळी वर आलेली दिसली. वाळवी. साळूबाईंनी पंजा उचलला.

"थोडं थांबा, बाई," नळीतून आवाज आला. "मोडायचं तर ऐकून घेऊन मोडा."

नळीच्या तोंडाशी एक कामकरी वाळवी होती. रंगाने दुधासारखी, आणि डोळे नसलेली. तिचं नाव पांढरी.

साळूबाईंनी पंजा खाली घेतला नाही. वाळवीशी त्यांचं जुनं वैर होतं. त्यांच्या लहानपणी या कातळाच्या कडेला ऐनाचं एक पडलेलं झाड होतं. त्याच्या ढोलीत त्यांच्या गुरुजींनी, एका म्हाताऱ्या घोरपडीने, झाडांच्या चाळीस साली जपून ठेवल्या होत्या. प्रत्येक सालीच्या आतल्या मऊ अंगावर एकेका प्राण्याची चाल कोरलेली. पळताना कशी, लंगडताना कशी, पिल्लू पाठीशी असताना कशी. गुरुजी गेले आणि त्याच पावसाळ्यात वाळवी लागली. साळूबाई ढोलीत शिरल्या तेव्हा आत मूठभर भुसा होता. त्या चाळीस सालींतलं जे आठवलं ते त्यांनी पाटीवर कोरलं. बाराच आठवली होती.

"माझ्या गुरुजींच्या साली तुम्ही खाल्ल्यात," त्या म्हणाल्या.

"खाल्ल्या असतील. आम्ही लाकूड खातो."

"त्यांवर काय लिहिलं होतं, ठाऊक आहे?"

"नाही, बाई. आम्हाला वाचता येत नाही." पांढरीने हे अगदी साधेपणाने सांगितलं. "मी दुसऱ्या कामासाठी आले आहे," पांढरी म्हणाली. "खोऱ्यातल्या अकरा शाळांपर्यंत आमच्या वाटा पोचल्यात. एका शाळेने ओल्या मातीत पाऊल उमटवलं की आम्ही ते चाचपतो. मग एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला, असं स्पर्शाने सांगत नेतो आणि दुसऱ्या शाळेच्या मातीत तसंच्या तसं कोरतो. संध्याकाळी निघालेलं पहाटे पोचतं. तुमचा कातळ तेवढा राहिलाय."

"वाचता येत नाही आणि पावलं नेता?"

"वाचता येत नाही म्हणून तर त्यात बदल होत नाही."

"तुम्हाला काय हवं?"

"वारुळं कुणी फोडू नयेत. आणि आम्ही शाळेत आलो तर झटकू नये."

साळूबाईंनी नळी मोडली नाही. दिवसभर त्या ऐनाच्या जागेवर जाऊन बसल्या. तिथे आता झाड नव्हतं, झाडाच्या आकाराचं गवत होतं. दिवस कलताना त्या कानबाकडे गेल्या आणि त्याला सगळं सांगितलं. वाळवीची जात कशी, गुरुजींच्या साली कशा गेल्या, आपली पाटी जशी आहे तशी काय वाईट आहे. कानबाने सगळं ऐकून घेतलं.

"वेळूला पाटीवरची बाराही यायची, साळूबाई," तो शेवटी म्हणाला. "त्या दिवशी तेरावं आलं."

एवढं बोलून तो उठला आणि बिळाच्या तोंडाशी जाऊन पुन्हा वळला. "येऊ द्या त्यांना," तो म्हणाला.

वाळवीने भेगांमधून कण कण करून ओली माती वर आणली. महिन्याभरात जुन्या पाटीशेजारी दुसरी पाटी तयार झाली, मऊ आणि काळी. पोरं तिच्याकडे लांबूनच बघत. कातळावरही पाय लागला तर उमटतो, या गोष्टीचीच त्यांना भीती वाटे.

पहिलं लिखाण आलं ते नदीकाठच्या शाळेतून. पहाटे पोरं जमली तर ओल्या पाटीवर अर्धगोल खुणांच्या दोन ओळी होत्या आणि त्यांच्या मधून एक बारीक, थोडी नागमोडी रेघ गेलेली. पोरांनी सवयीने धडा सुरू केला. बाराही म्हणून झाली. एकही जुळेना. सूर विरत गेला.

"बाई, हे पाटीवर नाही," टिकली म्हणाली. टिकली म्हणजे पिसोरीची पोर, सशाएवढं हरीण. अंगभर पांढरे ठिपके, म्हणून टिकली. वेळू गेल्यापासून धडा ती सांगे आणि बाकीचे तिच्यामागून म्हणत.

साळूबाईंना ते पाऊल कुणाचं ते कळलं होतं. ते त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण त्यांनी ते गिळलं, आणि त्यांच्या पुऱ्या आयुष्यात शिकवण्याचं याहून अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. "नसेल पाटीवर," त्या म्हणाल्या. "तू सांग, कोण असेल."

टिकली नाक मातीला लावून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मधली रेघ शेपटीची आहे. ती ओढत चाललीये. म्हणजे ती खूप ठेंगणी आहे."

"पाय बाजूंनी बाहेर आलेत," एक साळिंदराचं पोर म्हणालं.

"आणि घाई नाहीये तिला. इथे थांबली. पुढचे दोन पाय उंचवट्यावर ठेवले. काहीतरी वर होतं, ते खाल्लं." टिकलीने मान वर केली. "पाठीवर काहीतरी जड घेऊन चाललीये, बाई."

दुपारपर्यंत, ज्या पोरांनी कधी कासव पाहिलं नव्हतं त्यांनी एक कासव तयार केलं होतं. नाव तेवढं पांढरीने सांगितलं: नदीकाठच्या शाळेतली मंदा. टिकलीने घाबरत घाबरत आपला नखाएवढा खूर ओल्या पाटीच्या कोपऱ्यात टेकवला. दुसऱ्या पहाटे पाटीवर तोच खूर परत आला होता आणि मधल्या रेघेची ती चाल त्याच्याभोवती एक फेरी मारून गेली होती.

"विचारतेय," टिकली म्हणाली, "की ही कोण."

मग रोज काहीतरी येऊ लागलं. नदीकाठच्या शाळेतून खेकडे आणि बगळे येत, बांबूच्या बेटातल्या शाळेतून रानकोंबड्या, टेकडीपलीकडच्या शाळेतून असे काही प्राणी की साळूबाईंनाही डोकं खाजवावं लागे. खोऱ्यातल्या पोरांना कातळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. टिकली त्यांच्यासाठी उड्या लिही: चार खूर, मग मोठी मोकळी जागा, मग चार खूर. ती मोकळी जागा म्हणजे भेग, हे ओळखायला मंदाला तीन दिवस लागले.

नदीकाठची शाळा एक पाणमांजर चालवत असे. तिच्याकडे साळूबाईंनी स्वतः एकदाच काही मागितलं. बिबट्याच्या पंजाचा कोरडा ठसा त्यांनी ओल्या पाटीवर काढला, आणि त्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. चार दिवस काही आलं नाही. पाचव्या पहाटे तोच पंजा तीन वेळा उमटून आला. एक धुळीतला, एक ओलसर वाळूतला, एक चिखलातला. चिखलातल्या पंजाला चार नखं होती, लांब आणि खोल.

साळूबाईंनी त्या दिवशी पोरांना धडा म्हणायला सांगितला नाही. त्या पंजाजवळ बसून राहिल्या. कानबा नेहमीप्रमाणे जाताना थांबला, जवळ आला, त्याने ते पाहिलं आणि तोही बसला. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं तिथेच होती. मग साळूबाई उठल्या, पोरांना बोलावलं आणि म्हणाल्या, "हे तिन्ही एकाचेच आहेत. कसे, ते मला सांगा."

थंडी सरत आली तेव्हा एका पहाटे कातळासकट बाराही शाळांच्या पाट्यांवर एकदम बिबट्या उमटला. मोठाले पंजे, पाटीच्या चारी कडांनी फिरलेले, जणू तो शाळेलाच घेरून बसला आहे. कातळावर हाहाकार झाला. आया पोरांना तोंडात धरून बिळात पळाल्या. खोऱ्यातली एक वस्ती राहतं रान सोडून निघाल्याचं पांढरीने सांगितलं. कानबाने शाळा बंद करायला लावली.

"आम्ही जसं होतं तसं आणलं, बाई," पांढरी म्हणाली.

"ते माहीत आहे," साळूबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी इथे आहे."

त्या बिळाबिळाशी जाऊन पोरांना घेऊन आल्या. आया कुरकुरल्या, पण साळूबाईंना नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. पोरं पाटीपासून लांबच उभी राहिली.

"भिऊन झालं असेल तर जवळ या," साळूबाई म्हणाल्या. "आता वाचा."

"चार बोटं, नख नाही," एकजण पुटपुटला.

"ते म्हणणं झालं. वाच."

पोरं वाकली. टिकलीने एका पंजात नाक घातलं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. "बाई, सगळीकडे सारखीच खोली आहे. बोटंही तेवढीच, तळवाही तेवढाच."

"मग?"

"चालताना पुढची बोटं जास्त रुततात. याला कुठे जायचंच नव्हतं." तिने नाक वर काढलं. "हा चाललेला नाही. हा कुणीतरी काढलाय."

पोरांनी त्या दिवशी ओल्या पाटीवर टिकलीची दोन पावलं शेजारी शेजारी उमटवली, एक उभ्याने टेकवलेलं आणि एक चालताना पडलेलं, आणि अकराही शाळांना धाडली. तिसऱ्या दिवशी निघून गेलेली वस्ती परतली. पंजे कुणी काढले होते ते कधी कळलं नाही. बांबूच्या बेटातल्या शाळेतून मात्र पुढे काही दिवस फार जपून उमटवलेली, नीटनेटकी पावलं येत राहिली.

होता होता पोरं न सांगता वाचू लागली. तांबडं फुटलं की धावत येत, ओल्या पाटीवर वाकत आणि गप्प होत. त्या शांततेत कुणी मध्येच हसे, कुणी दुसऱ्याला कोपर मारून काही दाखवी. जुन्या पाटीकडे कुणी फिरकत नव्हतं. धडा बंद करा असं साळूबाईंनी कधी म्हटलं नव्हतं. कुठल्या दिवशी तो शेवटचा म्हटला गेला हे त्यांना नंतर कितीही आठवून आठवलं नाही. बिळातले म्हातारे म्हणू लागले की हल्ली दिवस उगवल्याचं कळत नाही.

एकदा संध्याकाळी शाळा रिकामी असताना त्या जुन्या पाटीपाशी उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणू लागल्या, "दोन खूर, टोकं जुळती, थांबून बघ." पाटीला मध्ये एक तडा गेला होता. तिसरं आणि सातवं पाऊल झिजून सपाट झालं होतं, इतक्या पोरांनी त्यावरून बोटं फिरवली होती. त्या कितव्यांदा तरी म्हणत होत्या आणि मागून दुसरा आवाज त्यात मिसळला. टिकली होती.

"तुला अजून येतं?" साळूबाईंनी विचारलं.

"येतं की. झोपताना म्हणते कधी कधी."

"का गं?"

 टिकली त्यांच्या काट्यांपासून बेताचं अंतर ठेवून बसली आणि दोघींनी बारावी ओळ संपेपर्यंत म्हटलं.

उन्हाळा आला. डबकी आटली. ठरल्या दिवशी वस्ती पहाटेच कातळ उतरली. पुढे कानबा, मध्ये आया आणि पोरं, शेवटी साळूबाई. पाणवठ्यापाशी येईतो चांगलं उजाडलं होतं. पाण्याच्या एका अंगाला मोकळी ओली वाळू होती आणि दुसऱ्या अंगाला मोठाले दगड, त्यांच्या मागे करवंदीची दाट जाळी. वाळूवर चितळांचे खूर होते, पुष्कळ आणि ताजे. कानबाने काळजीपूर्वक पाहिलं. कडेची चिखलाची पट्टी त्याने दोनदा पाहिली. पंजा कुठेच नव्हता. साळूबाईंनीही पाहिलं. त्यांनाही पंजा दिसला नाही.

"चला," कानबा म्हणाला. पोरांची तोंडं सुकली होती. सगळी पुढे सरकली.

"आजोबा, थांबा," टिकली म्हणाली.

ती वाळूवर वाकली होती. वस्ती थांबली, पण नाराजीने. पाणी दहा पावलांवर होतं.

"चितळं पाण्यापर्यंत आलीत," ती म्हणाली. "पण काठावर कुणाचे पुढचे खूर खोल रुतलेले नाहीत. पाणी प्यायलीच नाहीत ती. इथपर्यंत सावकाश आलीत, खूर जुळलेले आहेत. आणि इथे बघा, सगळ्यांचे खूर एकदम फाकलेत. मागे वाळू उडालीये. मंदाच्या शाळेतून हे आलं होतं, पळतं चितळ. सगळी एकाच बाजूला पळालीत, जाळीपासून लांब."

"पण पंजा कुठाय?" कानबाने विचारलं.

"नाहीये."

"मग?"

"जाळीपर्यंत दगड आहेत, आजोबा. आपल्या कातळासारखे. दगडावर कुणाचं काय उमटतं?"

 कानबाने मागे साळूबाईंकडे पाहिलं. साळूबाई पुढे आल्या, वाकल्या आणि पुन्हा वाचू लागल्या. आता त्यांना फाकलेले खूर दिसले, उडालेली वाळू दिसली. ती तिथे मघाशीही होती. त्या मघाशी पंजा शोधत होत्या.

"बसा सगळे," त्या म्हणाल्या. "आवाज नको."

वस्ती वाळूच्या अलीकडे झुडपांत बसली. ऊन चढत गेलं. धाकटी पोरं तहानेने कुजबुजू लागली, आया त्यांना चाटून गप्प करत होत्या. एक ससा हळूच म्हणाला की एका पोरीच्या सांगण्यावरून आपण तहानेने मरणार. कानबाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.  जाळीत पान हलत नव्हतं. टिकली पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि तिच्या अंगावरचे ठिपके थरथरत होते. आपण चुकलो असू, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. साळूबाईंनी आपले काटे मिटवून घेतले आणि तिच्याजवळ सरकून बसल्या.

मग जाळी हलली. बिबट्या उठला, त्याने पाठ ताणली, जांभई दिली आणि कंटाळून दगडादगडांवरून नदीच्या खालच्या अंगाला निघून गेला. जाताना त्याने वाळूवर एकही पाय टाकला नाही.

बराच वेळ कुणी उठलं नाही. मग पोरं पाण्याकडे धावली. सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत कानबा काठावर उभा होता, दोन्ही कान खाली पाडून. शेवटी तो टिकलीपाशी गेला, तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि मग पाणी प्यायला वाकला.

दुपारनंतर सगळे नदीच्या वाळूतून उन्हाळी मुक्कामाकडे निघाले. वळणापाशी मध्ये रेघ असलेली एक चाल आडवी गेली होती. टिकली थबकली, तिने ती वाचली आणि वाचता वाचताच धावत सुटली. रेघेच्या टोकाला एक लहानसं कासव ऊन खात बसलं होतं. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. मंदाने आधी टिकलीच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिच्या खुराकडे पाहिलं आणि मग मान लांब केली. मागून नदीकाठची बाकीची पोरं आली. मग कोण कुठल्या पावलाचं हे ओळखण्याचा असा गलका झाला की पाणकोंबड्या उडाल्या.

साळूबाई या गर्दीत थांबल्या नाहीत. त्या आपल्या चालीने एकट्याच पुढे निघाल्या. मऊ वाळूतून चालायची त्यांना सवय राहिली नव्हती. थोडं अंतर गेल्यावर त्या एका उंडणीच्या झाडाच्या सावलीला बसल्या. डोळे मिटले तरी पोरांचा आवाज येत होता. मग तो आवाज जवळ आला आणि अचानक थांबला. त्यांनी डोळे उघडले. दोन्ही शाळांची पोरं वाळूवर घोळका करून वाकली होती.

"हे कोण?" मंदा विचारत होती. "हे कधी आलं नाही आमच्याकडे."

खरंच होतं. स्वतःचं पाऊल पाटीवर उमटवायचं साळूबाईंना कधी सुचलंच नव्हतं.

टिकली वाकून बघत होती. "म्हातारी आहे," ती सावकाश म्हणाली. "डावा पाय जपून टाकते. मागे रेघा आहेत ना, त्या काट्यांच्या. एरवी ती काटे उचलून चालते. आज दमलीये." ती पावलापावलाने पुढे सरकत होती आणि पोरं तिच्याबरोबर. "इथे थांबली. इथे मागे वळली. टाचा खोल गेल्यात, म्हणजे बराच वेळ उभी होती."

"काय बघत होती?"

टिकलीने त्या पावलांच्या रोखाने मान वळवली. दूरवर, खोऱ्याच्या वर, कातळाची काळी कड दिसत होती. त्या रोखातच अलीकडे वळणावरची वाळू होती, जिथे मघाशी सगळी पोरं होती.

"कातळ," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नाहीतर आम्हाला. दोन्ही एकाच दिशेला आहेत."

 मग पोरं साळूबाईंकडे चालू लागली, अर्धी त्या पावलांच्या या अंगाने आणि अर्धी त्या अंगाने, पाय जपून टाकत. ती येऊन पोचली तेव्हा वाळूवर दोन्हीकडे खूर, पंजे, नखं आणि ओढलेल्या रेघा यांची दाटी झाली होती, आणि त्या सगळ्यांच्या मधून म्हाताऱ्या पावलांची ती ओळ कुणाचाही पाय न पडलेली, स्वच्छ वाचता येईल अशी उरली होती.